कर्झनची दुसरी रेषा आणि कोल्हापूरजवळचे पोलंड

लॉर्ड कर्झन हे नाव उच्चारले की महाराष्ट्राला १९०५ची वंगभंगाची रेघ आठवते. त्या रेघेविरुद्ध पुण्यात परदेशी कापडाची होळी पेटली, टिळकांनी स्वदेशी आणि बहिष्काराची चळवळ उचलून धरली आणि १९११ साली सरकारला ती रेघ पुसावी लागली. कर्झनच्या नावाची आणखी एक रेषा मात्र पुसली गेली नाही. ती युरोपात आहे. १९४५ साली तिने कोल्हापूरपासून सात-आठ किलोमीटरवर राहणाऱ्या हजारो माणसांची घरे, शेते आणि पूर्वजांची थडगी एका करारासरशी परक्या देशात टाकली. हा धागा त्या माणसांविषयी आहे.

गावाचे नाव वळिवडे. कोल्हापूर-मिरज लोहमार्गालगतचे, पंचगंगेच्या खोऱ्यातले करवीर तालुक्यातले खेडे. १९४३च्या मध्यावर या गावाशेजारच्या माळावर लांबच लांब बराकींच्या रांगा उभ्या राहिल्या आणि आगगाडीतून गोऱ्या बायका, म्हातारी माणसे आणि मुले उतरू लागली. तरुण पुरुष त्यांत जवळजवळ नव्हतेच. छावणीची वस्ती वाढत सुमारे पाच हजारांवर गेली. भारतातील पोलिश निर्वासितांची ही सर्वांत मोठी वसाहत. नवानगरच्या जामसाहेबांनी बालाचडी येथे पोलिश मुलांना दिलेला आश्रय अधिक प्रसिद्ध आहे. ती छावणी मुलांची होती आणि आकाराने लहान होती. वळिवडे हे जवळजवळ एक गावच होते: शाळा, माध्यमिक विद्यालय, रुग्णालय, कॅथलिक चर्च, अनाथालय, दुकाने, टपाल, नाट्यगृह आणि सिनेमासुद्धा.

हे लोक कोल्हापुरात कसे पोचले, ते समजल्याशिवाय पुढचे काहीच समजणार नाही.

१ सप्टेंबर १९३९ रोजी हिटलरने पोलंडवर पश्चिमेकडून हल्ला केला. १७ सप्टेंबरला स्टालिनचे सैन्य पूर्वेकडून आत शिरले. दोघांनी देश वाटून घेतला. सोव्हिएत वाट्याला आलेल्या पूर्व भागातून १९४० आणि १९४१ मध्ये चार मोठ्या लाटांत लाखो नागरिकांना हद्दपार करण्यात आले. पहिली लाट १० फेब्रुवारी १९४०ची. तीत मुख्यतः १९२०च्या युद्धानंतर पूर्वेकडे जमिनी मिळालेले माजी सैनिक आणि वनरक्षक यांची कुटुंबे होती. एप्रिलच्या लाटेत अटक झालेल्या अधिकाऱ्यांच्या बायका-मुलांना कझाकस्तानात धाडले गेले. रात्री दार ठोठावले जाई, थोड्या वेळात सामान बांधायला सांगितले जाई आणि मालवाहू डब्यांचा आठवड्यांचा प्रवास सुरू होई. अर्खांगेल्स्कची जंगले, सायबेरिया, कझाक गवताळ प्रदेश. पुष्कळ मुले आणि म्हातारी माणसे तिथेच राहिली, जमिनीखाली.

जून १९४१ मध्ये हिटलर रशियावरच उलटला आणि स्टालिनला एकाएकी पोलिश सैनिकांची गरज भासली. ३० जुलै १९४१ला लंडनमधील पोलिश सरकारशी करार झाला. हद्दपार पोलिश नागरिकांना ‘माफी’ मिळाली. गुन्हा कोणता, हे कोणी सांगितले नाही. जनरल व्वादिस्वाव आंडर्स यांच्या हाताखाली सोव्हिएत भूमीवरच पोलिश सैन्य उभे राहू लागले. त्या सैन्याच्या मागोमाग उपाशी बायका-मुले दक्षिणेकडे सरकली. १९४२च्या वसंतात आणि ऑगस्टमध्ये कॅस्पियन समुद्र ओलांडून एक लाखाहून अधिक माणसे इराणच्या पहलवी बंदरात उतरली. सैनिक मध्यपूर्वेत आणि तिथून इटलीच्या आघाडीवर गेले. त्यांची कुटुंबे जगभर विखुरली: पूर्व आफ्रिका, लेबनॉन, मेक्सिको, न्यूझीलंड आणि कराचीमार्गे वळिवडे.

म्हणजे कोल्हापूरला आलेली ही माणसे अर्ध्या कुटुंबाची होती. उरलेले अर्धे कुटुंब गणवेशात होते, तुरुंगात होते किंवा बेपत्ता होते. त्यामुळे छावणीत बातमीला जे मोल होते ते सुखवस्तू माणसाला कळणे कठीण. मुंबईहून ‘पोलाक व इंदियाख’, म्हणजे ‘भारतातील पोल’, या नावाचे पोलिश नियतकालिक निघत असे. रेडिओवरच्या बातम्या, लंडनहून येणारी वार्तापत्रे आणि सैन्याच्या टपालातून येणारी, कात्री लागलेली पत्रे हे बाकीचे मार्ग. युद्धाचा नकाशा इंचभर हलला की कोणाच्या तरी गावाचे भवितव्य हले.

आणि बातम्या आल्या त्या वाईटच आल्या. छावणीचे काम सुरू असतानाच, १३ एप्रिल १९४३ रोजी जर्मन रेडिओने कातिन येथील अरण्यात पोलिश अधिकाऱ्यांची सामूहिक थडगी सापडल्याचे जाहीर केले. स्टालिनच्या गुप्त पोलिसांनी १९४०च्या वसंतात कातिन आणि इतर ठिकाणी मिळून सुमारे बावीस हजार पोलिश कैद्यांना गोळ्या घातल्या होत्या. लंडनमधील पोलिश सरकारने रेडक्रॉसकडे चौकशीची मागणी केली. स्टालिनने तेच निमित्त करून २५ एप्रिलला त्या सरकारशी संबंध तोडले. ४ जुलै १९४३ रोजी पंतप्रधान आणि सरसेनापती सिकोर्स्की यांचे विमान जिब्राल्टरजवळ समुद्रात कोसळून ते मरण पावले. वळिवड्याच्या बराकींत बिऱ्हाडे लागत होती ती या दोन बातम्यांच्या सावलीत.

कातिनची सावली तर एका माणसाच्या रूपाने छावणीत प्रत्यक्ष वावरली. झ्जिस्वाव पेश्कोव्स्की हा तरुण सैनिक कोझेल्स्कच्या युद्धकैदी छावणीतला. त्याचे बहुतेक सोबती कातिनला नेऊन मारले गेले. जे मोजके वाचले, त्यांत तो होता. आंडर्सच्या सैन्यातून तो पोलिश बालवीरांचा प्रशिक्षक म्हणून भारतात आला आणि वळिवड्याच्या मुलांची पथके त्याने उभी केली. तंबू ठोकणे, शेकोटीभोवती गाणी म्हणणे, नकाशा वाचणे. पुढे तो धर्मगुरू झाला आणि कातिनच्या मृतांच्या कुटुंबीयांचा आधार बनला. सोव्हिएत संघाने त्या हत्याकांडाची कबुली दिली ती १३ एप्रिल १९९० रोजी, बरोबर सत्तेचाळीस वर्षांनी.

आता जरा कुंपणाबाहेर पाहू.

वळिवड्याच्या उत्तरेला सातारा जिल्ह्यात त्याच वेळी नाना पाटलांचे प्रतिसरकार उभे राहत होते. ७ जून १९४३ला शेणोलीजवळ क्रांतिकारकांनी सरकारी पगाराची रक्कम नेणारी गाडी लुटली. बंगालमध्ये दुष्काळाने माणसे रस्त्यावर मरत होती. काँग्रेसचे नेते तुरुंगात होते. या प्रदेशातल्या देशभक्त तरुणाच्या दृष्टीने ब्रिटिश सरकार हा शत्रू होता. छावणीतल्या पोलिश बाईच्या दृष्टीने तेच सरकार एकमेव आशा होते, कारण तिचे सरकार लंडनमध्ये बसले होते आणि तिचा नवरा ब्रिटिश सेनापतींच्या हाताखाली लढत होता.

दुसरी गाठ याहून अवघड होती. १९४१नंतर भारतीय कम्युनिस्ट पक्षाने युद्धाला ‘लोकयुद्ध’ म्हटले. सोव्हिएत संघ हा जगातल्या शोषितांचा कैवारी, ही भावना मराठी कामगारवस्त्यांत आणि सुशिक्षितांत जोरात होती. वळिवड्याच्या बराकीत सोव्हिएत संघ या शब्दाला मालवाहू डब्याचा वास होता. दोन्ही बाजूंची माणसे प्रामाणिक होती आणि एकमेकांचा अनुभव ऐकण्याची भाषा त्यांच्यापाशी नव्हती.

ती भाषा निर्माण करण्याचा प्रयत्न ज्यांनी केला त्यांत दोन पोलिश नावे घ्यावी लागतात. वांदा दिनोव्स्का या थिऑसॉफिस्ट बाई १९३५ पासून भारतात होत्या. त्या ‘उमादेवी’ या नावाने ओळखल्या जात. मौरित्सी फ्रिडमन हे ज्यू कुळातले अभियंते गांधीजींच्या वर्तुळात ‘भारतानंद’ झाले होते. औंध संस्थानात राजाने सत्ता प्रजेच्या हाती सोपवण्याचा जो प्रयोग १९३९ साली झाला, त्याच्या घटनेमागे गांधीजींबरोबर या फ्रिडमन यांचाही हात होता. पुढे निसर्गदत्त महाराजांचे मराठी संवाद इंग्रजीत नेऊन जगापुढे ठेवणारे तेच. या दोघांनी १९४४ साली पोलिश-भारतीय ग्रंथमाला सुरू केली: भारतीय ग्रंथ पोलिशमध्ये आणि पोलंडची ओळख भारतीयांना. छावणीतल्या हजारोंपैकी किती जणांपर्यंत ती पोचली हा भाग वेगळा. उपाशी राहून आलेल्या आईला उपनिषदांपेक्षा मुलाच्या वहीची काळजी अधिक असणार.

वही, शाळा आणि रंगमंच यांवर ही छावणी जगली. पोलिश माणसाला हे नवे नव्हते, आणि या ठिकाणी त्यांच्या इतिहासाची एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. १७९५ ते १९१८ अशी १२३ वर्षे पोलंड नावाचा देश नकाशावर नव्हता. रशिया, प्रशिया आणि ऑस्ट्रिया यांनी तो वाटून घेतला होता. १९४३ साली वळिवड्यात जी बाई पंचविशीच्या पुढची होती, ती जन्मली तेव्हा तिचा देश अस्तित्वातच नव्हता. पोलंडचे राष्ट्रगीत १७९७ साली इटलीत, परदेशी लढणाऱ्या पोलिश सैनिकांसाठी रचले गेले. आदाम मित्स्किएविच यांचे ‘पान तादेउश’ हे पोलिश भाषेचे महाकाव्य १८३४ साली पॅरिसमध्ये, निर्वासित कवीने प्रसिद्ध केले. देश हरवला की तो गाण्यात, नाटकात, शाळेच्या बाकावर सांभाळून ठेवायचा, ही त्यांच्या आजोबा-पणजोबांची रीत. वळिवड्याने ती उचलली एवढेच.

म्हणून तिथल्या मनोरंजनाकडे करमणूक म्हणून पाहणे चुकीचे ठरेल. नाताळात गव्हाणीतल्या बाळ येशूची नाटुकली होत. सणांना क्राकोव्याक आणि माझूर नाचले जात, त्यासाठी मुलींचे रंगीत लोकवेश हाताशी असेल त्या कापडातून शिवले जात. ३ मे हा १७९१च्या संविधानाचा दिवस, ११ नोव्हेंबर हा १९१८च्या स्वातंत्र्याचा. त्या दिवशी ध्वजारोहण, संचलन, गायनवृंद. सहाव्या वर्षी घरातून उचलल्या गेलेल्या मुलाला पोलंड आठवत असे ते धूसर. बर्फ, एखादे अंगण, कुत्रा. उरलेला सगळा पोलंड त्याने दख्खनच्या उन्हात, कौलारू छपराखाली, पाठ करून मिळवला. गव्हाच्या शेतांवरची कविता म्हणताना बाहेर उसाचे फड होते.

आणि हे ज्या शहराच्या वेशीवर घडत होते ते शहरही नाटक-सिनेमाचे वेडे. ‘प्रभात’ने १९३३ साली मुक्काम पुण्याला हलवला होता तरी कोल्हापुरात चित्रनिर्मिती थांबली नव्हती, भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओ याच काळातला. पॅलेस थिएटर शाहू महाराजांच्या वेळेपासून उभे होते. छावणीत येणारे भाजीवाले, दूधवाले, कापडवाले मोडकी पोलिश बोलू लागले, अशा आठवणी दोन्हीकडून सांगितल्या जातात. कोल्हापूरच्या बाजाराला ही भाषा अवघड गेली नसावी. गिऱ्हाईक कोणतेही असो, हिशेबाची भाषा पेठ लवकर शिकते.

१९४४च्या मे महिन्यात वळिवड्याला एक खरी आनंदाची बातमी मिळाली. इटलीतल्या माँते कसिनोच्या टेकडीवरील मठ जर्मनांनी महिनोन् महिने दोस्तांच्या सैन्याला घेऊ दिला नव्हता. १८ मे १९४४ रोजी आंडर्सच्या दुसऱ्या पोलिश कोअरने त्या भग्न मठावर आपला ध्वज फडकवला. नऊशेहून अधिक पोलिश सैनिक त्या लढाईत पडले. वळिवड्यात कोणाच्या दाराशी आनंद आला आणि कोणाच्या दाराशी तार.

पुण्याच्या वाचकाने या टेकडीचा धागा खडकवासल्यापर्यंत ओढून पाहावा. राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या मुख्य इमारतीला ‘सुदान ब्लॉक’ म्हणतात, कारण महायुद्धात पूर्व आफ्रिकेच्या मोहिमेत भारतीय सैनिकांनी जे रक्त सांडले त्याच्या स्मरणार्थ सुदानने एक लाख पौंडांची देणगी दिली आणि फाळणीनंतर भारताच्या वाट्याला आलेल्या सत्तर हजार पौंडांतून ही वास्तू उभी राहिली. १९४१ साली एरिट्रियातील केरेनच्या डोंगरांवर चढाई करणाऱ्या दोन भारतीय डिव्हिजनांपैकी एक होती चौथी. हीच चौथी डिव्हिजन फेब्रुवारी आणि मार्च १९४४ मध्ये कसिनोच्या त्याच उतारांवर भिडली आणि प्रचंड हानी सोसून मागे आली. त्यांच्यानंतर दोन महिन्यांनी पोलिश सैनिक तिथे चढले. कसिनोच्या दगडांवर ज्यांचे रक्त मिसळले, त्यांतल्या एका सैन्याची बायकामुले कोल्हापुरात होती आणि दुसऱ्या सैन्याच्या आधीच्या पराक्रमाचे स्मारक खडकवासल्याच्या तळ्याकाठी आहे. ही दोन ठिकाणे एकाच शालेय सहलीत पाहण्याचे कोणाला सुचत नाही.

त्याच उन्हाळ्यानंतर पडझड सुरू झाली. १ ऑगस्ट १९४४ला वॉर्सात भूमिगत सैन्याने जर्मनांविरुद्ध उठाव केला. सोव्हिएत फौजा व्हिश्चुला नदीच्या पलीकडच्या काठापर्यंत आल्या आणि थांबल्या. ६३ दिवस शहर लढले, मग शरण गेले आणि जर्मनांनी ते पद्धतशीरपणे उद्ध्वस्त केले.

मग आली याल्टा. ४ ते ११ फेब्रुवारी १९४५. रूझवेल्ट, चर्चिल आणि स्टालिन यांनी ठरवले की पोलंडची पूर्व सीमा साधारणपणे कर्झन रेषेवरून जाईल.

ही रेषा आली कुठून? पहिल्या महायुद्धानंतर पोलंड आणि बोल्शेविक रशिया यांच्यात लढाई जुंपली, तेव्हा जुलै १९२० मध्ये ब्रिटिश परराष्ट्रमंत्र्याच्या सहीने मॉस्कोला एक तार गेली. तीत युद्धबंदीसाठी एक रेषा सुचवली होती. परराष्ट्रमंत्री होता जॉर्ज नॅथॅनिएल कर्झन, भारताचा माजी व्हाइसरॉय. पुढच्याच महिन्यात पोलिश सैन्याने वॉर्साच्या वेशीवर लाल सेनेचा पराभव केला आणि १९२१च्या रीगा तहाने सीमा बरीच पूर्वेकडे सरकली. कर्झनची रेषा दप्तरात पडून राहिली. ती स्टालिनने बाहेर काढली. तिला एका ब्रिटिश लॉर्डचे नाव असल्यामुळे चर्चिलला तिच्याविरुद्ध बोलणे अधिकच अवघड गेले असावे.

न्यायाने बोलायचे तर या रेषेची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. रेषेच्या पूर्वेकडील खेड्यांत मोठी वस्ती युक्रेनियन आणि बेलारूसी लोकांची होती, आणि १९२०नंतर पोलिश सैनिकांना तिथे जमिनी देण्याचे धोरण त्यांना आवडले नव्हते. ल्वुव आणि विल्नो ही शहरे पोलिश संस्कृतीची माहेरघरे असली तरी त्यांच्याभोवतीचे शिवार एका भाषेचे नव्हते. वळिवड्यातली पुष्कळ कुटुंबे अशाच वसाहतींतून उचलली गेली होती. त्यांच्या स्मृतीत शेजाऱ्याच्या तक्रारीला फारशी जागा नसणे स्वाभाविक आहे. इतिहास लिहिणाऱ्याने ती जागा ठेवावी. मात्र रेषा आखताना कोणाही खेडुताला, पोलिश वा युक्रेनियन, विचारले गेले नव्हते.

वळिवड्यासाठी याल्टाचा अर्थ अगदी घरगुती होता. युद्ध जिंकले जात होते, नवरे-मुले जिंकणाऱ्या बाजूने लढत होती आणि घर मात्र हरले होते. इटलीत जनरल आंडर्स यांनी आपल्या तुकड्या आघाडीवरून काढून घेण्याची मागणी केली. पर्याय नसल्याचे दिसल्यावर तेच सैन्य लढत राहिले आणि एप्रिलमध्ये बोलोन्यात शिरले. मे १९४५ मध्ये युरोपातले युद्ध थांबले. जुलैच्या पहिल्या आठवड्यात ब्रिटन आणि अमेरिकेने लंडनमधल्या पोलिश सरकारची मान्यता काढून घेतली आणि वॉर्सातल्या, मॉस्कोच्या वरदहस्ताखालच्या सरकारला दिली.

या एका निर्णयाने छावणीतल्या माणसांची ओळख बदलली. आदल्या दिवसापर्यंत ती मित्रराष्ट्राचे नागरिक होती, त्यांच्या खर्चाची जबाबदारी त्यांच्याच सरकारच्या खात्यावर होती. आता ती कोणाचीच नव्हती. पुढे त्यांची काळजी आंतरराष्ट्रीय मदतसंस्थांच्या वहीत गेली. प्रश्न एकच उरला: परत जायचे का?

आणि ‘परत’ म्हणजे कुठे? ज्या गावातून त्यांना उचलून नेले, ते गाव आता सोव्हिएत संघात. ज्या राज्याने सायबेरियात धाडले, त्याच राज्याचे नागरिक होण्यासाठी परतायचे? की नव्या पोलंडच्या पश्चिमेला, जर्मनांना हाकलून रिकाम्या केलेल्या प्रदेशात जायचे, जिथे आपल्या घराण्यातले कोणी कधी राहिले नव्हते? ल्वुवची माणसे त्या काळात खरोखरच मोठ्या संख्येने व्रोत्सवाफला हलवली गेली. छावणीत या प्रश्नावरून घरे दुभंगली नसती तरच नवल. ज्यांचे नातलग पोलंडात जिवंत सापडले, त्यांपैकी काही परतले. बहुसंख्य थांबले आणि सैन्यात असलेल्या आपल्या माणसांच्या निर्णयाची वाट पाहू लागले.

८ जून १९४६ रोजी लंडनमध्ये विजयाचे भव्य संचलन झाले. भारतीय सैनिक त्यात होते. पश्चिमेत ब्रिटिशांच्या खांद्याला खांदा लावून लढलेले पोलिश सैन्य नव्हते. स्टालिनला दुखवायचे नव्हते. १९४७च्या जानेवारीत पोलंडात निवडणुका झाल्या, त्यांचा निकाल आधीच ठरला होता. त्याच वर्षी ब्रिटनने पोलिश पुनर्वसन कायदा केला आणि आंडर्सच्या सैनिकांना कुटुंबांसह ब्रिटनमध्ये राहण्याची वाट खुली झाली. तो कायदा उदारही होता आणि अपराधी मनाने केलेलाही होता.

बालाचडीची छावणी १९४६ साली बंद झाली आणि तिथली मुले वळिवड्यात आली. म्हणजे देश जात असताना शाळेचे वर्ग भरत होते. परीक्षा होत होत्या, प्रमाणपत्रे दिली जात होती. ज्या मुलांनी ती मिळवली, त्यांना पुढे लंडनपासून ऑस्ट्रेलियापर्यंत ती उपयोगी पडली.

१५ ऑगस्ट १९४७चा दिवस वळिवड्यात दोनदा अर्थपूर्ण होता. पोलिश माणसांसाठी १५ ऑगस्ट आधीपासूनच मोठा: मारियामातेच्या स्वर्गारोहणाचा सण, आणि १९२०च्या वॉर्साच्या लढाईची आठवण म्हणून त्यांच्या सैनिकांचा दिन. लाल सेनेला परतवले, कर्झनची रेषा दप्तरात गेली, त्या विजयाचा. १९४७ साली त्याच तारखेला छावणीच्या कुंपणापलीकडे एक देश स्वतंत्र झाला. ब्रिटिशांवर भरवसा ठेवलेल्यांचा देश गेला आणि ब्रिटिशांशी भांडलेल्यांचा परत आला, असे कोणाच्या मनात आले असेल तर त्याला कडवट म्हणता येणार नाही. पण दोनच दिवसांनी दुसऱ्या एका ब्रिटिशाने आखलेली रेषा जाहीर झाली, रॅडक्लिफची, आणि पंजाब-बंगालात लक्षावधी माणसे वाटेला लागली.

छावणी रिकामी होऊ लागली. मुंबईहून जहाजे इंग्लंडकडे निघाली. काही कुटुंबे पूर्व आफ्रिकेतल्या पोलिश वसाहतींत गेली, काही पुढे ऑस्ट्रेलिया, कॅनडा, अमेरिकेला पोचली. ३० जानेवारी १९४८ला गांधीजींची हत्या झाली. त्यानंतरच्या जाळपोळीत कोल्हापूरही होरपळले. भालजींचा जयप्रभा स्टुडिओ पेटवला गेला. त्याच सुमारास शेवटच्या पोलिश तुकड्या वळिवडे सोडत होत्या. एखाद-दुसरी मुलगी कोल्हापुरात लग्न करून मागे राहिली आणि मराठी घरात सासू, आजी होऊन म्हातारी झाली. काही थडग्यांत राहिले.

बराकी रिकाम्या राहिल्या नाहीत. सिंधमधून आलेल्या निर्वासित कुटुंबांना सरकारने तिथे आणून वसवले. पंजाब-बंगालात निदान रेषा कुठून जावी यावर वाद तरी घालता आला होता. सिंध संपूर्णच पाकिस्तानात गेल्याने या कुटुंबांना तीही सोय नव्हती. वस्तीला गांधीनगर नाव मिळाले. त्यांनी कापडाचा व्यापार मांडला आणि आज कोल्हापूर, सांगली, बेळगाव भागातली लग्नाची खरेदी करायला माणसे गांधीनगरच्या पेठेत येतात.

लंडनमध्ये स्थिरावलेल्या ‘भारतातील पोलिशां’नी आपला संघ केला, आठवणी आणि कागदपत्रे जमवून २००० साली पोलिशमध्ये जाडजूड ग्रंथ काढला. त्यांच्यापैकी अनेक जण सत्तरी-ऐंशीत वळिवड्याला येऊन गेले, आपली बराक कुठे होती ते दाखवत. कोल्हापूरच्या महावीर उद्यानात त्यांचा स्मारकस्तंभ आहे. वॉर्सात कोल्हापूरचे स्मारक आहे, आणि ते उभे आहे माँते कसिनोच्या स्मारकाशेजारी.